फाइल आली, पण कोणती? पेठेतल्या एका छापखान्याच्या फाइल सर्व्हरचं प्रकरण

२०२२च्या दिवाळीच्या तोंडावर पुण्यातल्या एका पेठेत, एका छोट्या छापखान्यात, दिवाळी अंकाचा सातवा फॉर्म चुकीचा छापला गेला. सोळा पानांचा फॉर्म, तीन हजार कागद. चूक अक्षरजुळणीची नव्हती आणि मशीनचीही नव्हती. पेन ड्राइव्हवर त्या फॉर्मच्या दोन फाइली होत्या. एकीत मुद्रितशोधकांनी शेवटच्या वाचनात केलेल्या दुरुस्त्या घेतल्या होत्या, दुसरीत नव्हत्या. प्लेट दुसरीची निघाली. दोन्हींच्या नावात ‘फायनल’ हा शब्द होता.

छापखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी कागदाचं नुकसान सोसलं आणि फॉर्म पुन्हा छापला. पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्यांनी मला बोलावलं. “फाइली सरळ स्टुडिओतून इथे येतील असं काही करून दे. पेन ड्राइव्ह नको,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे हाताशी वेळ बरा होता. मी हे काम दोन-तीन दिवसांचं समजलो होतो. लिनक्स या संगणकप्रणालीवर फाइल घेण्या-देण्याचा सर्व्हर उभा करायला खरोखरच अर्धा तास लागतो. बाकीचे तीन महिने कशात गेले, ते इथे मांडतो आहे.

आधीची पद्धत अशी होती. बाहेरचे पाच स्टुडिओ आणि काही चित्रकार, छायाचित्रकार छापखान्याला काम पाठवतात. पंचवीस एमबीच्या आतलं ईमेलने येतं. मुखपृष्ठं आणि रंगीत फॉर्म यांच्या फाइली एकेक, दीड-दीड जीबीच्या असतात, त्या पेन ड्राइव्हवर घेऊन कोणीतरी गाडीवरून येतं. घाईत काही फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि दाबून लहान झालेले असल्यामुळे छपाईच्या कामाचे राहत नाहीत. पेन ड्राइव्हबरोबर ‘शॉर्टकट’वाला व्हायरसही येतो, ज्यात सगळी फोल्डरं गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. अक्षरजुळणी सांभाळणाऱ्या ताईंचा दिवसातला एखादा तास यातच जायचा.

क्लाउडवरच्या तयार सेवा का नकोत, हा प्रश्न काकांच्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारला आणि तो रास्त होता. एखाद-दुसऱ्या फाइलीसाठी त्या सेवा चांगल्याच आहेत. पण इथे दिवाळीच्या आधीच्या सहा आठवड्यांत रोज पंधरा-वीस फाइली येतात, त्यांपैकी निम्म्या आधीच्या फाइलींच्या दुरुस्त आवृत्त्या असतात. अप्रकाशित साहित्य आहे, त्यामुळे ते कुठे राहतं आणि कोणाला दिसतं हे काकांना स्वतःच्या हातात हवं होतं. शिवाय अक्षरजुळणीच्या खोलीतून निवृत्त झालेला एक डेस्कटॉप पडूनच होता. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम. त्यात एक टीबीची नवी डिस्क घातली आणि लिनक्सची जूनमध्येच आलेली डेबियन १२ ही आवृत्ती बसवली. डेस्कटॉपची खिडक्या-चिन्हांची सजावट बसवली नाही, कारण हे यंत्र कोणी समोर बसून वापरणार नव्हतं.

पहिली निवड एफटीपीची

मी एफटीपीपासून, म्हणजे जाळ्यावरून फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीपासून सुरुवात केली. ताईंना फाइली चढवण्या-उतरवण्याचं फाइलझिला हे साधन चालवायची सवय होती, दोन स्टुडिओ पूर्वी वेबसाइटची कामं करताना एफटीपी वापरत होते, आणि मला स्वतःलाही ती वाट पाठ होती. व्हीएसएफटीपीडी हा सर्व्हर डेबियनच्या भांडारातून एका आज्ञेत बसतो. तो भांडारातूनच घ्यावा. २०११मध्ये त्याच्या मूळ संकेतस्थळावरच्या २.३.४ या आवृत्तीच्या गठ्ठ्यात कोणीतरी चोरदार ठेवलं होतं. वापरकर्त्याच्या नावात हसऱ्या चेहऱ्याची दोन चिन्हं टाकली की ६२०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, संपूर्ण यंत्राचा ताबा मिळायचा. थोड्याच दिवसांत ते उघडकीला आलं, पण ज्यांनी गठ्ठा सरळ उतरवून सही न तपासता बसवला होता, ते उघडे पडले.

पहिल्या संध्याकाळच्या अडचणी ठरलेल्या आणि सगळ्यांना येणाऱ्या आहेत, म्हणून झटपट सांगतो. लॉगिन झालं, फाइल चढेना, ५५० क्रमांकाचा नकार. डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये लिहिण्याची परवानगी बंद असते, ती ओळ उघडावी लागते. मग प्रत्येक स्टुडिओला त्याच्याच फोल्डरात कोंडण्याची सोय चालू केली, तर सर्व्हर ५०० क्रमांक देऊन लॉगिनच नाकारू लागला. कोंडलेल्या फोल्डराच्या मुळाशीच लिहिण्याची परवानगी असेल तर तो चालत नाही. यावर एका ओळीत धोका पत्करण्याचा पर्याय आहे, पण तो घेऊ नये. मूळ फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवून आत लिहिण्यासाठी वेगळं फोल्डर द्यावं. तिसरी अडचण अशी की स्टुडिओंच्या खात्यांना यंत्रावर आज्ञा देता येऊ नयेत म्हणून मी त्यांचं शेल बंद केलं, आणि लगेच ५३०, पासवर्ड चुकीचा. पासवर्ड बरोबरच होता. डेबियनवर ओळख तपासणारी यंत्रणा हेही पाहते की या खात्याचं शेल मान्य शेलांच्या यादीत आहे का, आणि बंद शेल त्या यादीत नसतं. पासवर्ड दहा वेळा बदलून मी एक तास घालवला. सर्व्हरचं उत्तर कारण लपवतं, लॉग, म्हणजे त्याची स्वतःची नोंदवही, मात्र सांगतो. तेव्हापासून लॉग आधी उघडतो.

छापखान्याच्या आतून सगळं चालू लागलं. वेग सेकंदाला अकरा मेगाबाइटच्या वर जाईना, कारण कोपऱ्यातला जुना स्विच १०० मेगाबिटचा होता. त्याचा अर्थ कागदावर साडेबारा मेगाबाइट आणि हाती अकरा. दीड जीबीच्या फाइलीला सव्वादोन मिनिटं. गिगाबिटचा स्विच आणला आणि तो विषय संपला.

बाहेरून मात्र कोणालाच सर्व्हर दिसेना. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १००.७२ने सुरू होत होता. १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी राखलेले आहेत, शेकडो ग्राहकांना एका खऱ्या पत्त्यामागे बसवण्यासाठी. आपल्याकडे ब्रॉडबँड आणि मोबाइल इंटरनेटवर हे सर्रास असतं. अशा जोडणीत तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरचा कोणी तुमच्या दारापर्यंत येऊ शकत नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, त्याच्या बाहेरचं मोठं दार तुमच्या हातात नसतं. घरच्या किंवा दुकानाच्या यंत्रावर सर्व्हर उभा करू पाहणाऱ्यांनी सगळ्यात आधी हा पत्ता तपासावा. काकांनी जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता घेतला.

त्यानंतर स्टुडिओतून लॉगिन होऊ लागलं, पण फाइलींची यादी येण्याच्या जागी सगळं गोठायचं. इथे एफटीपीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. या पद्धतीत दोन जोडण्या असतात. २१ क्रमांकाच्या पोर्टवर फक्त बोलणं चालतं: मी अमुक, माझा पासवर्ड अमुक, ही फाइल घे. फाइल किंवा यादी मात्र दुसऱ्या, वेगळ्या जोडणीवरून जाते. जुन्या रीतीत सर्व्हर स्वतःच्या २० क्रमांकावरून उलट ग्राहकाकडे जायचा. आता ग्राहकही राउटरच्या मागे असतो, त्यामुळे ते जमत नाही. म्हणून सर्व्हर सहा आकडे कळवतो, पहिले चार म्हणजे पत्ता आणि शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. शेवटचे आकडे १५६ आणि ६४ असतील तर १५६ गुणिले २५६ अधिक ६४, म्हणजे ४०००० क्रमांकाच्या पोर्टवर ये. हे पोर्ट दर वेळी नवं असतं आणि आमच्या राउटरमध्ये ते उघडं नव्हतं. यावर उपाय आहे. ४०००० ते ४००५० अशी पट्टी ठरवून द्यायची, राउटरमध्ये ती उघडायची आणि सर्व्हरला स्वतःचा बाहेरचा पत्ता सांगायचा.

मी ते करायला बसलो आणि थांबलो. दारांवर दारं उघडत चाललो होतो, तीही अशा व्यवस्थेसाठी जी पासवर्ड उघड्यावर पाठवते. काकांना हे शब्दांत पटणार नाही म्हणून मी त्यांना शेजारी बसवलं, सर्व्हरवर नेटवर्क ऐकणारं टीसीपीडंप चालू केलं आणि ताईंना लॉगिन करायला सांगितलं. पडद्यावर आधी ताईंचं खातं आणि पुढच्याच ओळीत त्यांचा पासवर्ड, अक्षर न् अक्षर, जसाच्या तसा उमटला. ताईंनी तो त्याच दिवशी बदलला, कारण तोच पासवर्ड त्यांच्या ईमेललाही होता. काका एवढंच म्हणाले, “मग हे बाहेरच्यांसाठी नको.”

एफटीपी वाईट पद्धत म्हणून हे सांगत नाही. तिचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी एमआयटीत असताना १९७१च्या एप्रिलमध्ये लिहिला. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे हे अभियंते. त्या वेळी जाळ्यावर मूठभर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, एकमेकांना ओळखणाऱ्या. चोरून ऐकणारा कोणी मध्ये असेल ही कल्पनाच त्या आराखड्यात नाही, आणि नसणं साहजिक होतं. आज आपण वापरतो त्या रूपाचं मानक १९८५चं आहे. आता डेबियनने स्वतःच्या सार्वजनिक एफटीपी सेवा १ नोव्हेंबर २०१७ला बंद केल्या, आणि २०२१मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनी ब्राउझरमधून तिचा आधार काढून घेतला. काकांच्या मुलाने ब्राउझरमध्ये पत्ता टाकून पाहिला होता आणि काहीच उघडेना म्हणून तो गोंधळला होता, त्याचं कारण हेच.

एका दारातून

दुसऱ्या दिवशी एसएफटीपीकडे वळलो. नाव सारखं असलं तरी ही एफटीपीची सुरक्षित आवृत्ती नाही. ही एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या यंत्राशी गुप्तपणे बोलण्याच्या पद्धतीच्या, आत चालणारी वेगळीच व्यवस्था आहे. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५मध्ये टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, आणि २१वर एफटीपी, २३वर टेलनेट, म्हणून मधला २२ हा क्रमांक मागून घेतला. बोलणं आणि फाइल, दोन्ही त्या एकाच जोडणीतून, बंद पाकिटातून जातात. राउटरमध्ये एकच पोर्ट उघडावं लागतं. आणि डेबियनच्या यंत्रावर ओपनएसएसएच हा त्याचा सर्व्हर बहुधा आधीच बसलेलं असतं, नवं काही आणायला लागत नाही. एवढ्या जुन्या प्रोसेसरला गुप्तलेखनाचा भार झेपेल का, अशी शंका मला होती. स्टुडिओंच्या इंटरनेटचा चढता वेग इतका बेताचा की प्रोसेसर निवांत बसून राहिला.

मांडणी साधी आहे. स्टुडिओंच्या खात्यांचा एक गट करायचा. एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत शेवटी त्या गटापुरता नियम लिहायचा: यांना स्वतःच्या फोल्डरात कोंडा, आतली एसएफटीपी सोडून दुसरी कुठलीही आज्ञा चालवू देऊ नका, आणि यांच्या जोडणीतून पुढे दुसरीकडे जाऊ देऊ नका. सेवा पुन्हा चालू करण्याआधी सेटिंगची चाचणी घेण्याची आज्ञा आहे, ती चालवायची, आणि सगळं नीट आहे हे कळेपर्यंत स्वतःचं एक सत्र उघडं ठेवायचं. सेटिंगमधल्या एका चुकीच्या अक्षराने दूरच्या सर्व्हरबाहेर स्वतःलाच कोंडून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

इथेही पहिल्या झटक्याला जोडणी लागायची आणि त्याच क्षणी तुटायची. ग्राहकाच्या बाजूला कारण काहीच नाही. लॉग म्हणत होता, कोंडण्याच्या फोल्डराची मालकी किंवा परवानगी बरोबर नाही. नियम कडक आहे. ते फोल्डर, आणि त्याच्या वरचं प्रत्येक फोल्डर, थेट मुळापर्यंत, रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याच्या, मालकीचं हवं आणि दुसऱ्या कोणालाही तिथे लिहिता येता कामा नये. नव्या डिस्कवरच्या वरच्या फोल्डराला मी सोयीसाठी गटाला लिहायची परवानगी देऊन ठेवली होती. ती काढली आणि दार उघडलं.

पासवर्डऐवजी किल्ल्या वापरायच्या, हे ठरवल्यामुळे दोन दिवस फोनवर गेले. प्रत्येक स्टुडिओत एसएफटीपीने फाइली चढवणारं विनएससीपी बसवून किल्लीची जोडी तयार करून घेतली: सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, खाजगी स्वतःजवळच. सांगितलं की सार्वजनिक किल्ली मला पाठवा. एका स्टुडिओने खाजगी किल्ली ईमेलने पाठवली. घराची चावी पोस्टाने पाठवण्यासारखं हे आहे, असं समजावून सांगितलं आणि नवी जोडी बनवायला लावली. त्यांचा त्यात दोष नाही. दोन्ही फाइली शेजारी-शेजारी असतात आणि दिसायलाही एकाच जातीच्या वाटतात. पण हा त्रास वाया गेला नाही. पोर्ट उघडल्यावर काही तासांतच लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून रूट, ॲडमिन, टेस्ट अशी नावं घेऊन दार ठोठावणाऱ्यांची रांग दिसू लागली. पासवर्डने लॉगिनच बंद असल्यामुळे ते ठोठावतच राहिले. वारंवार ठोठावणाऱ्यांना काही काळ बाहेर ठेवण्यासाठी फेल-टू-बॅन लावलं, ते मुख्यतः लॉग वाचनीय राहावा म्हणून.

पूर्ण आली का?

ऑगस्टच्या शेवटी खरं काम सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात एका मुखपृष्ठाची प्लेट खालच्या अर्ध्यात कोरी निघाली. प्लेटवाल्या मामांनी ती मशीनवर चढवण्याआधी पाहिली म्हणून बरं. स्टुडिओने फाइल चढवायला घेतली होती, ती अर्ध्यावर होती, ताईंना फोल्डरात नाव दिसलं आणि त्यांनी फाइल पुढे पाठवली. त्या स्टुडिओने विनएससीपीऐवजी फाइलझिला वापरली होती. ती थेट खऱ्या नावानेच लिहायला सुरुवात करते, त्यामुळे अर्धी फाइल आणि पुरी फाइल दिसायला सारखीच. विनएससीपी एसएफटीपीवर मोठ्या फाइलींना आधी तात्पुरतं नाव देते आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव लावते, म्हणून बाकीच्या स्टुडिओंकडून हे घडलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं की २०२२चा चुकीचा फॉर्म आणि ही अर्धी प्लेट ही एकच अडचण आहे. सर्व्हरवर फाइल दिसणं म्हणजे ती छापखान्याच्या ताब्यात येणं नव्हे. स्टुडिओतून मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन यायचा तेव्हा निदान एक क्षण असा होता की तो वस्तू हातात देऊन म्हणायचा, “घ्या, झालं.” तो क्षण मी सर्व्हर उभारताना पुसून टाकला होता.

तो परत आणायचा कसा, यावर काकांशी आणि ताईंशी बोलून हे ठरलं. प्रत्येक स्टुडिओच्या कोंडलेल्या जागेत दोन फोल्डरं, ‘आवक’ आणि ‘तयार’. चढवायचं ते ‘आवक’मध्येच. चढवून झालं, आपल्या डोळ्यांनी पाहिलं, की स्टुडिओने स्वतः ती ‘तयार’मध्ये हलवायची. एकाच डिस्कवरच्या एकाच फाइलव्यवस्थेत हलवणं म्हणजे फक्त नोंद बदलणं, त्यामुळे दोन जीबीची फाइलही क्षणात जाते आणि मधली अर्धवट अवस्था नसते. दर पाच मिनिटांनी सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, आपोआप चालते. ती ‘तयार’मधलं सगळं उचलून स्टुडिओला न दिसणाऱ्या छापखान्याच्या फोल्डरात नेते, मालकी बदलते, फाइलीचा एसएचए-२५६ ठसा (मजकुरावरून काढलेली खूण, मजकूर जरा बदलला तरी वेगळी येणारी) काढते आणि तारीख, वेळ, नाव, आकार, ठसा अशी एक ओळ सर्व्हरवरच्या नोंदींच्या वहीत जोडते. एकदा उचललेली फाइल स्टुडिओला बदलता येत नाही. दुरुस्ती आली तर नव्या आवृत्तीचा क्रमांक घालून नवी फाइल पाठवायची. येणाऱ्या फाइलीचा क्रमांक आधीच्या क्रमांकापेक्षा मोठा नसेल, तर ती ‘अडलेले’ या फोल्डरात जाते आणि ताई स्टुडिओला फोन करतात. आतली अक्षरजुळणीची आणि प्लेटची यंत्रं विंडोजची आहेत, त्यांना छापखान्याचं फोल्डर सांबा या लिनक्स-विंडोज जोडणाऱ्या साधनामार्फत नेटवर्क ड्राइव्ह म्हणून दिसतं. नवं काही शिकावं लागलं नाही.

ठशाचा उपयोग महिन्याभरात झाला. एका संपादकांचं म्हणणं होतं की त्यांनी दुरुस्त फाइल पाठवली होती. वहीतल्या दोन ओळींचे ठसे सारखेच निघाले, म्हणजे दुसऱ्यांदाही तीच फाइल आली होती. वाद दोन मिनिटांत मिटला आणि खरी दुरुस्त फाइल त्यांच्या डेस्कटॉपवर सापडली.

‘ऱ्या’चा गुंता

मराठीत नावं देणाऱ्या कोणालाही हे पुढे-मागे भेटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीला मी फाइलींना मराठी नावं द्यायला मोकळीक ठेवली होती आणि मला त्याचं समाधानही होतं. पहिली अडचण लांबीची आली. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ फाइलव्यवस्थेत नावाला २५५ची मर्यादा आहे, पण ती अक्षरांची नसून बाइटची आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट खातं, आणि वेलांटी, काना, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘दिवाळी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा, यंत्राला सहा चिन्हांचा, अठरा बाइटचा. म्हणजे एका नावात जेमतेम ८५ चिन्हं. एका संपादकांना नावातच लेखाचं शीर्षक, लेखक, पान आणि सूचना लिहायची सवय होती. त्यांची फाइल दर वेळी नाकारली जायची.

दुसरी अडचण जास्त खोल होती. एकदा ‘आवक’मध्ये ‘दुसऱ्या फॉर्मची चित्रे’ या नावाची दोन फोल्डरं शेजारी-शेजारी दिसली. नावं हुबेहूब सारखी, लिनक्स मात्र त्यांना वेगळं मानत होतं. पडताळणीकरता बाइट तपासले तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या सामाईक यादीत, एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण तेच ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतं. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था नाव साठवताना त्याचे असे तुकडे करूनच साठवते. एक फोल्डर स्टुडिओतल्या विंडोजवरून आलं होतं, दुसरं त्यांच्याच जुन्या मॅकवरून. वर काही कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना तिन्ही सारखेच, यंत्राला तीन वेगवेगळे शब्द. तुकडे जोडून एकरूप करणारं कनव्हएमव्ही हे साधन पहिल्या दोघांचा मेळ घालतं, तिसऱ्याला हात लावत नाही.

ज्या भाषेत ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हा फरक जिवंत आहे, तिथे हे चालढकल करण्यासारखं नाही. पण आवृत्तीचा क्रमांक नावावरून ओळखणाऱ्या स्क्रिप्टसाठी एका नावाची तीन रूपं परवडणारी नव्हती. जड मनाने ठरवलं की फाइलीच्या नावात फक्त रोमन अक्षरं आणि आकडे: जॉबचा क्रमांक, फॉर्मचा क्रमांक, आवृत्ती. तीही सगळी लहान लिपीतली, कारण लिनक्सला मोठं आणि लहान अक्षर वेगळं, विंडोजला एकच. वर ‘आवक’, ‘तयार’ असं लिहिलं आहे ती फोल्डरंही प्रत्यक्षात रोमन नावांचीच आहेत. लेखाचं शीर्षक, लेखकाचं नाव हे सगळं मराठीत वहीत ताई लिहितात, शुद्ध.

विसर्जनाचा दिवस

२८ सप्टेंबर २०२३, अनंत चतुर्दशी. पेठांतले रस्ते बंद, गाडी सोडाच, पायी येणंही अवघड. दर वर्षी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात नवं काम येत नसे. त्या वर्षी दिवसभरात वहीत अकरा ओळी पडल्या. ढोल-ताशाच्या आवाजात फोन ऐकू येत नव्हता, ताई घरी होत्या, आणि मामांनी दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपायच्या आत दोन फॉर्मच्या प्लेटा काढल्या. काकांनी मला पेढे पाठवले. ते कौतुक मी मनापासून घेतलं, आणि दोनच आठवड्यांनी माझ्याच चुकीने फोटो उडाले.

झालं ते असं. ‘आवक’मध्ये टाकून दिलेलं सामान साठत होतं. तीस दिवसांपूर्वीच्या फाइली रोज रात्री दोन वाजता पुसणारी एक ओळ मी लावली. फाइल किती जुनी हे मी तिच्या बदलाच्या तारखेवरून ठरवत होतो. एका छायाचित्रकारांनी संध्याकाळी वारीचे ऐंशी फोटो चढवले. सकाळी एकही नव्हता. फोटो २०१६चे होते. विनएससीपी फाइलीची मूळ तारीख जपते, ती तिची चांगली सवय आहे. त्यामुळे काल चढवलेली फाइल सर्व्हरला सात वर्षं जुनी दिसली आणि पहिल्याच रात्री तिचा निकाल लागला. दुसऱ्या डिस्कवरची नक्कल आरसिंक या साधनाने तीन वाजता होत होती, म्हणजे पुसून झाल्यावर, त्यामुळे तिथेही काही नव्हतं. छायाचित्रकारांनी मूळ फोटो पुन्हा पाठवले. त्यांचे उपकार.

लिनक्स प्रत्येक फाइलीची आणखी एक तारीख ठेवतं, तिच्या नोंदीत शेवटचा फेरफार केव्हा झाला याची. ती सर्व्हर स्वतः लावतो आणि पाठवणाऱ्याला ती मागे नेता येत नाही. पुसण्याची अट त्या तारखेवर बांधली. नक्कल एक वाजता घेतली आणि पुसणं तीनवर ढकललं. शिवाय आता पुसणं म्हणजे लगेच पुसणं नाही. फाइली आधी आठवडाभर वेगळ्या फोल्डरात जातात आणि काय गेलं त्याची यादी सकाळी ताईंना ईमेलने मिळते.

अखेर व्हीएसएफटीपीडी मी काढून टाकला नाही. छापखान्यात झेरॉक्स-स्कॅनचं एक जुनं मोठं यंत्र आहे, त्याला एसएफटीपी कळत नाही, एफटीपी कळतं. त्या यंत्राच्या एकाच पत्त्यासाठी, छापखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरतं, फक्त ‘प्रुफे’ या फोल्डरात टाकण्यासाठी ते दार उघडं ठेवलं आहे. फायरवॉल बाकी कोणालाही २१वर येऊ देत नाही, आणि त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरलेला नाही.

हे दार एका वयोवृद्ध मुद्रितशोधकांसाठी आहे. ते संगणकावर वाचत नाहीत. छापील प्रुफावर लाल शाईने खुणा करतात आणि कागद छापखान्यात आणून देतात. आता तो कागद मामा स्कॅनरवर ठेवून हिरवं बटण दाबतात, स्क्रिप्ट त्याला जॉबचा आणि आवृत्तीचा क्रमांक लावते, आणि स्टुडिओला त्यांच्या फोल्डरात त्या लाल खुणा, समासातल्या सूचनांसकट, पाच मिनिटांत दिसतात. २०२३च्या अंकाच्या सातव्या फॉर्मची तिसरी आवृत्ती अशाच एका कागदावरून निघाली.